प्राथमिक वर्गात फ्रेंच: पायऱ्यांचा क्रम, तयारी आणि नेहमी चुकणाऱ्या जागा

प्राथमिक वर्गातला फ्रेंचचा पहिला तास पुष्कळदा फळ्यावर सव्वीस अक्षरं मांडून सुरू होतो. पाठोपाठ ‘असणे’ या क्रियापदाचा तक्ता येतो, मग आकडे, मग रंगांची यादी. वर्ष संपताना मुलं वीसपर्यंत आकडे न अडखळता म्हणतात. पण ‘तुझी पेन्सिल दाखव’ असं कुणी फ्रेंचमध्ये म्हटलं की शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघतात. मुलं कमी पडलेली नसतात, क्रम चुकलेला असतो.

सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी क्रम असा ठेवा: आधी ऐकून कृती, मग आवाज, मग लिंगासकट शब्द, मग छोटी वाक्यं, त्यानंतर वाचन आणि सगळ्यात शेवटी लेखन. फ्रेंचमध्ये हा क्रम मोडणं विशेष महाग पडतं, कारण लिहिलेलं आणि बोललेलं यांत मोठं अंतर आहे. शब्दाच्या शेवटची अक्षरं बरेचदा उच्चारलीच जात नाहीत. इंग्रजी वाचता येणाऱ्या मुलाने फ्रेंच शब्द कानाआधी डोळ्याने गाठला, तर तो इंग्रजी आवाजातच डोक्यात बसतो आणि तिथून हलवणं अवघड जातं.

या लेखात फ्रेंच शब्द देवनागरीत दिले आहेत ते शिक्षकाला पटकन ओळखता यावेत म्हणून. चंद्रबिंदू म्हणजे नाकातला स्वर, आणि ‘यू’ जिथे येईल तिथे तो य आणि ऊ असा जोडून म्हणायचा नसतो. त्याचा खरा उच्चार टप्पा २ मध्ये आहे. मुलांच्या वहीत किंवा फळ्यावर मात्र देवनागरी उच्चार लिहू नका. मूल मग ते देवनागरीच वाचतं, फ्रेंच ऐकत नाही.

## तयारी: पहिल्या तासाआधी

वेळापत्रक. आठवड्यातून एकदा दीड तास घेण्यापेक्षा २५ ते ३० मिनिटांचे तीन तास घ्या. सहा-सात वर्षांच्या मुलांचं नव्या आवाजांकडे सलग लक्ष आठ-दहा मिनिटांच्या पुढे टिकत नाही, आणि दोन तासांमध्ये सात दिवसांची फट पडली की प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

शिक्षकाचं बोलणं. वर्गात रोज लागणाऱ्या वीसेक आज्ञा आणि वाक्यं शिक्षकाच्या तोंडात पक्की हवीत. स्वतःच्या उच्चाराची खात्री नसेल तर ज्यांची ती मातृभाषा आहे अशा माणसाच्या आवाजात ती ध्वनिमुद्रित करून घ्या. प्रत्येक वाक्याची वेगळी छोटी फाइल ठेवा. दहा मिनिटांच्या एका लांब फाइलमध्ये हवं ते वाक्य शोधत बसलात की वर्ग हातातून जातो.

चित्रकार्डं. मागच्या बाकावरूनही दिसतील एवढी, म्हणजे निदान ए-५ आकाराची. चित्राच्या बाजूला काहीही लिहू नका. शब्द मागच्या बाजूला, तोही आर्टिकलसह, म्हणजे नामाआधी येणाऱ्या आणि त्याचं लिंग दाखवणाऱ्या ‘अँ’ (पुल्लिंगी) किंवा ‘यून’ (स्त्रीलिंगी) या छोट्या शब्दासह. कडेला रंगीत पट्टी ओढा: पुल्लिंगी शब्दांना निळी, स्त्रीलिंगी शब्दांना लाल. हेच दोन रंग वर्षभर, तक्त्यांवर, वहीत आणि फळ्यावर तसेच राहू द्या. मध्येच बदललेत तर खुणेचा उपयोग संपतो.

एक बाहुली. तिला फक्त फ्रेंच समजतं, दुसरी कुठलीही भाषा येत नाही, असं मुलांना सांगा. जे मूल शिक्षकाशी फ्रेंचमध्ये बोलायला लाजतं ते बाहुलीशी बोलतं. शिवाय दोघांतला संवाद दाखवायला दुसरं पात्र आयतं मिळतं.

किती शब्द? एका तासाला सहा-सात वर्षांच्या मुलांना पाच ते सहा नवे शब्द, नऊ-दहा वर्षांच्या मुलांना सात ते आठ. वाक्याचा नवा साचा मात्र एकच. वीस भाज्यांचा तक्ता एका दिवसात उरकला तर आठवड्याने तीन भाज्या उरतात.

> तपासा: पहिल्या महिन्याची कार्डं काढा आणि प्रत्येकाच्या मागे ‘अँ’ किंवा ‘यून’ लिहिलेलं आहे का ते पाहा. आर्टिकल नसलेलं कार्ड वर्गात नेऊ नका.

## टप्पा १: ऐका आणि करा (पहिले तीन ते चार आठवडे)

या काळात मुलांनी बोललंच पाहिजे असा आग्रह धरू नका. कान भरू द्या.

1. तीन आज्ञांपासून सुरुवात करा: ‘लेव-त्वा’ (ऊठ), ‘आस्ये-त्वा’ (बस), ‘सोत’ (उडी मार). म्हणताना स्वतः कृती करा, मुलं तुमच्याबरोबर करतील.
2. पाच-सहा वेळा झाल्यावर स्वतः न हलता फक्त म्हणा. आता मुलांना कानावरच विसंबावं लागतं. ही पायरी गाळली तर मुलं तुमचं अंग बघून हलतात आणि तुम्हाला वाटतं की त्यांना समजलं.
3. क्रम बदला. एकच आज्ञा लागोपाठ दोनदा द्या. जी मुलं क्रम पाठ करून हलत होती ती इथे उघडी पडतात.
4. पुढच्या तासांत ‘मार्श’ (चाल), ‘आरेत’ (थांब), ‘तूर्न’ (वळ), ‘एकूत’ (ऐक), ‘रगार्द’ (बघ) ही भर घाला.
5. मग वस्तू आणा: ‘तूश ला ताब्ल’ (टेबलाला हात लाव), ‘मोँत्र ल साक’ (दप्तर दाखव), ‘दॉन-म्वा ल स्तीलो’ (पेन मला दे), ‘पोज़ ला गॉम’ (खोडरबर ठेव).
6. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ज्याला हवं त्याला शिक्षकाच्या जागी येऊन आज्ञा देऊ द्या. ज्याला नको त्याला सोडा.

वरच्या आज्ञा एका मुलाला उद्देशून, म्हणजे ‘त्यू’ (तू) रूपात आहेत. सगळ्या वर्गाला सांगताना रूप बदलतं: ‘लेवे-वू’, ‘आसेये-वू’, ‘एकूते’, ‘रगार्दे’. हा भेद मराठी मुलांना समजवावा लागत नाही. तू आणि तुम्ही त्यांच्या तोंडात आहेतच. एक फरक मात्र सांगा. मराठीत आजोबांना बहुधा ‘तुम्ही’ म्हणतात, फ्रेंच कुटुंबांत मात्र आजी-आजोबांनाही सहसा ‘त्यू’ म्हटलं जातं. अनोळखी मोठ्या माणसाला ‘वू’ (तुम्ही).

वर्गात मराठी कधी वापरायची? खेळाचे नियम सांगताना एकदा, मूल घाबरलं किंवा रडवेलं झालं तर, आणि सुरक्षिततेच्या सूचनेसाठी. प्रत्येक फ्रेंच वाक्यापाठोपाठ मराठी अर्थ सांगू नका. आठवड्याभरात मुलांना कळतं की अर्थ येणारच आहे, आणि ती फ्रेंच ऐकणं सोडतात.

> तपासा: मुलांना डोळे मिटायला सांगा आणि दहा आज्ञा उलटसुलट क्रमाने द्या. बहुतेक मुलांकडून आठ बरोबर झाल्या तर पुढे जा. नाहीतर आणखी एक आठवडा इथेच थांबा.

## टप्पा २: आवाज बसवणे

हा टप्पा वेगळा आठवडा म्हणून नसतो. दुसऱ्या आठवड्यापासून रोज पाच मिनिटं, वर्षभर.

आधी जमेची बाजू. फ्रेंच त आणि द दातांना जीभ लावून म्हणतात, म्हणजे थेट मराठी त, द. प, त, क यांच्यानंतर इंग्रजीसारखा हवेचा झोतही नसतो. तरीही मुलं ‘ताब्ल’ला ‘टाब्ल’ म्हणतात, कारण रोमन टी दिसला की ट म्हणायची सवय इंग्रजीने लावलेली असते. ‘ट नाही, त’ एवढी एक आठवण पहिल्या दिवसापासून देत राहिलात तर मराठी मुलांचे हे व्यंजन चटकन बसतात. इंग्रजीसारखा शब्दाच्या एका भागावर मोठा आघातही फ्रेंचमध्ये नाही. सगळी अक्षरं साधारण सारख्या लांबीची आणि शब्दसमूहाचं शेवटचं अक्षर किंचित लांब, असं म्हणून घ्या.

अडचण येते ती पुढच्या आवाजांशी.

‘त्यू’मधला स्वर. मराठीत हा स्वर नाही, म्हणून मुलं एकतर ‘तू’ म्हणतात किंवा ‘ट्यू’. रीत अशी: मुलांना लांब ‘ईऽऽ’ म्हणायला लावा. जीभ जिथे आहे तिथेच ठेवून फक्त ओठ शिट्टी वाजवायला करतो तसे गोल करायचे. जो आवाज निघतो तोच हवा. जीभ मागे गेली की ‘ऊ’ होतो. इथे चूक झाली तर अर्थ बदलतो: ‘दस्यू’ म्हणजे वर आणि ‘दसू’ म्हणजे खाली. सरावाला हीच जोडी घ्या. ‘दस्यू’ ऐकलं की हात टेबलावर, ‘दसू’ ऐकलं की टेबलाखाली. आधी फक्त ओळखायला लावा, म्हणायला नंतर. ज्या मुलाला फरक ऐकू येत नाही त्याच्याकडून तो म्हणवून घेण्यात अर्थ नाही.

‘द’ (दोन) आणि ‘ब्ल’ (निळा) यांमधला स्वर. हा देवनागरीत धड लिहिताच येत नाही. ‘ए’ म्हणता म्हणता ओठ ‘ओ’सारखे गोल करा. रीत वरच्यासारखीच: जीभ न हलवता ओठ गोल.

नाकातले स्वर. मुलं ‘बोँजूर’चं ‘बोनजूर’ करतात, म्हणजे स्वरानंतर पक्का न् म्हणतात. नाकातल्या स्वरात जिभेचं टोक टाळूला लागत नाही. आरशासमोर ‘ओँ’ म्हणायला लावा. जीभ वर उचललेली दिसली तर चूक. दुसरी खूण म्हणजे नाकपुड्या चिमटीत धरून म्हणायचं: आवाज बदलला तर स्वर खरंच नाकातून येतोय. तीन स्वर एकापाठोपाठ ऐकवा: ‘पँ’ (पाव), ‘पाँ’ (मोर या अर्थाच्या शब्दाचा उच्चार) आणि ‘पोँ’ (पूल). पावाचं, मोराचं आणि पुलाचं चित्र समोर ठेवा आणि ऐकलेल्या शब्दाकडे बोट दाखवायला सांगा.

‘बोँजूर’मधला ज. हा ना ‘जेवण’मधला ज, ना ‘जहाज’मधला. ‘शऽऽ’ म्हणत राहायचं आणि मध्येच कंठ सुरू करायचा. गळ्याला हात लावला की थरथर लागते, तोच तो आवाज. मुलांना ही थरथर शोधायला आवडतं.

र. हा घशाच्या मागच्या भागात घासून निघतो. पाण्याशिवाय गुळण्या केल्यासारखा हलका आवाज करायला सांगा, पण ताणून धरू नका. मराठी र वापरून बोललं तरी समोरच्याला समजतं. पहिल्या वर्षी र साठी मुलाला अडवण्यापेक्षा तीच मिनिटं ‘दस्यू-दसू’वर खर्च करणं मला जास्त योग्य वाटतं, कारण तिथे अर्थच पालटतो.

> सावधान: एका वेळी एकच आवाज घ्या. ‘त्यू’चा स्वर, र आणि नाकातला स्वर एकाच तासात आणले तर मुलं तिन्ही इंग्रजी वळणाने म्हणू लागतात.

## टप्पा ३: शब्द, पण आर्टिकलसकट

इथली चूक सगळ्यात खोल जाते आणि सगळ्यात उशिरा दिसते. मुलांना ‘लीव्र म्हणजे पुस्तक, शेज़ म्हणजे खुर्ची’ असे सुटे शब्द दिले जातात. दोन वर्षांनी लिंग शिकवायला गेलं की शंभर-दीडशे शब्द पुन्हा शिकावे लागतात. म्हणून शब्द म्हणजे ‘अँ लीव्र’ आणि ‘यून शेज़’. आर्टिकल हा शब्दाचाच पहिला भाग समजा.

आणखी एक कारण आहे. बोलताना फ्रेंचमध्ये बहुतेक नामांचं एकवचन आणि अनेकवचन सारखंच ऐकू येतं. ‘ल शा’ एक मांजर, ‘ले शा’ अनेक मांजरं. ‘शा’ तसंच राहतं. फरक फक्त आर्टिकलमध्ये ऐकू येतो. ते गाळणारं मूल एक की अनेक हेही सांगू शकत नाही.

लिंग ही कल्पना मराठी मुलांना नवी नाही, पण मराठीतलं लिंग फ्रेंचमध्ये तसंच उचलून नेणं ही हमखास चूक. मराठीत तीन लिंगं, फ्रेंचमध्ये दोन, म्हणून आपले सगळे नपुंसकलिंगी शब्द कुठेतरी जातात: पुस्तक पुल्लिंगी (अँ लीव्र), टेबल स्त्रीलिंगी (यून ताब्ल), घर स्त्रीलिंगी (यून मेज़ोँ). जिथे मराठीत पुल्लिंग किंवा स्त्रीलिंग आहे तिथेही भरवसा नाही. चंद्र आपल्याकडे ‘तो’, फ्रेंचमध्ये ‘ला ल्यून’, म्हणजे स्त्रीलिंगी. पिशवी ‘ती’, पण ‘अँ साक’ पुल्लिंगी. ‘का?’ असं मुलांनी विचारलं तर कारण रचून सांगू नका. पट्टीचा रंग दाखवा आणि पुढे चला.

1. पहिल्या दहा-बारा वस्तू व्यंजनाने सुरू होणाऱ्या निवडा: अँ लीव्र, अँ स्तीलो, अँ साक, अँ काये (वही), अँ क्रेयोँ (पेन्सिल), यून ताब्ल, यून शेज़, यून गॉम, यून रेग्ल (पट्टी), यून त्रूस (कंपास). शाळा किंवा मित्र यांसारखे स्वराने सुरू होणारे शब्द आधी घेऊ नका. ‘लेकॉल’ (शाळा) म्हणताना आर्टिकलचा स्वर गळतो आणि लिंग ऐकूच येत नाही. शिवाय ‘अँ नामी’ (एक मित्र) ऐकून मुलं शब्दच ‘नामी’ आहे असं समजतात.
2. ‘अँ/यून’ (एक) पक्कं झाल्यावरच बोलायला ‘ल/ला’ (ठरावीक वस्तूसाठीची आर्टिकलं) द्या. दोन्ही जोड्या एकाच आठवड्यात नकोत. टप्पा १ मध्ये ‘ला ताब्ल’ कानावर पडलेलं असतं, त्याने गोंधळ होत नाही.
3. दोन कोपरे करा, निळा आणि लाल. कार्ड दाखवा, मुलं शब्द म्हणत योग्य कोपऱ्यात धावतील.
4. शब्द दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने पुन्हा आणा. कार्डांच्या तीन डब्या केल्या तर हे आपोआप होतं: चुकलेलं कार्ड पहिल्या डबीत परत.

रंगांचा क्रम जवळजवळ कुणीच विचारात घेत नाही. आधी ते रंग घ्या ज्यांचा उच्चार लिंगानुसार बदलत नाही: रूज (लाल), जोन (पिवळा), रोज़ (गुलाबी), न्वार (काळा), ब्ल (निळा), मारोँ (तपकिरी), ओराँज (नारिंगी). काही महिन्यांनी बदलणारे: वेर-वेर्त (हिरवा-हिरवी), ब्लाँ-ब्लाँश (पांढरा-पांढरी), ग्री-ग्रीज़ (राखाडी). मराठीत लाल, गुलाबी बदलत नाहीत पण हिरवा-हिरवी, पांढरा-पांढरी होतं, तेव्हा या दुसऱ्या गटाला मुलांकडे तयार आधार आहे. एकदा दाखवून द्या. फक्त क्रम उलटा आहे: नाम आधी, रंग नंतर. ‘अँ शा न्वार.’

आकडे. पहिल्या तिमाहीत १ ते १०, पहिल्या वर्षात २० किंवा फार तर ३१ पर्यंत, म्हणजे तारीख सांगता येते. गाण्यासारखे ओळीने म्हणणं म्हणजे आकडे येणं नव्हे. वस्तू मोजायला लावा, मधलाच आकडा विचारा. काही आकड्यांचा शेवट पुढच्या शब्दावर अवलंबून असतो. सहा एकटा असेल तर ‘सीस’, ‘सी लीव्र’मध्ये ‘सी’, आणि ‘सीज़ाँ’ (सहा वर्षं) मध्ये ‘सीज़’. नियम सांगू नका, वापरातून कानावर पाडा. ‘पंचवीस’मध्ये आपण एकक आधी म्हणतो, फ्रेंचमध्ये दशक आधी येतं, आकडे ऐकून लिहिताना यात घोटाळा होतो का ते पाहत राहा. सत्तरच्या पुढे फ्रान्समधली रीत वेगळीच आहे: सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे चार-वीस, नव्वद म्हणजे चार-वीस-दहा. हे नऊ-दहा वर्षांच्या मुलांना वीस-वीसचे चार गठ्ठे करून दाखवा, त्याआधी नको. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये सत्तर आणि नव्वदसाठी ‘सेताँत’ आणि ‘नोनाँत’ हे सरळ शब्द आहेत. तिथलं ध्वनिमुद्रण वापरत असाल तर आधीच पाहून ठेवा.

> तपासा: कार्डाची चित्राची बाजू दाखवून विचारा, ‘से क्वा?’ (हे काय आहे?). ‘लीव्र’ असं उत्तर आलं तर अर्धं. ‘सेतँ लीव्र’ (हे पुस्तक आहे) आलं तर पूर्ण.

## टप्पा ४: वाक्याचे साचे

क्रियापदांचे तक्ते या वयात बाजूला ठेवा. तक्ता पाठ असलेलं मूलही बोलताना आधी मनात सहा रूपं म्हणतं आणि मग हवं ते निवडतं. तोवर समोरचा पुढे गेलेला असतो. त्याऐवजी अखंड वाक्य द्या, ज्यात एकच जागा बदलते.

पहिल्या वर्षाला पुरतील असे साचे: ‘ज मापेल…’ (माझं नाव…), ‘जे सेताँ’ (मी सात वर्षांचा आहे), ‘जे अँ…’ (माझ्याकडे एक… आहे), ‘जेम…’ (मला… आवडतं), ‘ज नेम पा…’ (मला… आवडत नाही), ‘ज व…’ (मला… हवंय), ‘इलिया…’ (…आहे, …आहेत), ‘उ ए…?’ (…कुठे आहे?). या यादीपलीकडे जायची घाई नको.

ठरलेल्या चुका अशा:

- वय सांगताना मुलं ‘आहे’चं फ्रेंच क्रियापद घालून ‘ज स्वी सेत’ म्हणतात. फ्रेंचमध्ये वय ‘असतं’ नाही, ते ‘जवळ असतं’. भूक आणि तहानसुद्धा (‘जे फँ’, ‘जे स्वाफ’). व्याकरण न सांगता साचाच अनेकदा ऐकवा.
- मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून ‘ज ल शोकोला जेम’ अशी जुळणी होते. शब्दांच्या मोठ्या पट्ट्या तीन मुलांच्या हातात द्या आणि त्यांनाच रांगेत उभं करा: कोण, काय करतं, काय.
- नकारात ‘पा’ क्रियापदानंतर येतो. मुलं आधी घालतात. ‘ज नेम पा’ म्हणताना ‘पा’वर हाताने फुली दाखवा, जागा अंगवळणी पडते.
- ‘त्याचं’ आणि ‘तिचं’ यांना फ्रेंचमध्ये वेगळे शब्द नाहीत. ‘सोँ लीव्र’ म्हणजे त्याचंही पुस्तक, तिचंही. मालकाकडे नाही, वस्तूच्या लिंगाकडे बघायचं: ‘सा शेज़’, ‘सोँ साक’. ‘माझा-माझी’सारखंच वस्तूप्रमाणे बदलणं मुलांना माहीत आहे, तिथून सुरुवात करा.

जोडीने बोलताना प्रत्येकाकडे दुसऱ्याला नसलेली माहिती हवी. दोघांसमोर एकच चित्र ठेवून ‘दप्तर कुठे आहे?’ विचारायला लावलं तर प्रश्नाला अर्थ राहत नाही. दोन चित्रांत पाच फरक ठेवा आणि एकमेकांना न दाखवता विचारून शोधायला सांगा.

चूक कशी सुधारावी? मूल वाक्याच्या मध्यावर असताना थांबवू नका. ते ‘यून लीव्र’ म्हणालं तर तुम्ही सहज ‘वी, अँ लीव्र!’ म्हणून पुढे जा. एका तासात एकच गोष्ट पकडा. आज आर्टिकल, तर उच्चार उद्या. प्रत्येक शब्दावर टोकलेलं मूल दोन आठवड्यांत गप्प बसतं, आणि त्याला परत बोलतं करायला महिने लागतात.

## गाणी आणि गोष्टी

उपयोग आहे, पण ठरवून. ज्या गाण्यातले निम्मे शब्द आधी ओळखीचे आहेत तेच घ्या, प्रत्येक ओळीला हालचाल जोडा, आणि गाणं झाल्यावर त्यातलं एक वाक्य बाहेर काढून वर्गात वापरा. नाहीतर मुलं अर्थाशिवाय नाद पाठ करतात. गोष्ट एकच वाक्य पुन्हा पुन्हा येणारी हवी. तीच गोष्ट तीन-चार तासांत चारदा सांगा; तिसऱ्यांदा मुलं ते वाक्य तुमच्याआधी म्हणतात.

## टप्पा ५: वाचन

मुलांना ऐकून-बोलून साधारण पन्नास शब्द येत असतील तेव्हाच छापील शब्द दाखवा. सहा-सात वर्षांच्या मुलांच्या बाबतीत ती आपल्या मुख्य भाषेत नीट वाचू लागेपर्यंत थांबणं बरं.

1. फक्त ओळखीचे शब्द. न ऐकलेला शब्द वाचायला देऊ नका.
2. सुरुवात जिथे जवळपास प्रत्येक अक्षर वाजतं अशा शब्दांनी: पापा, वेलो (सायकल), मोतो, मीदी (दुपार).
3. मग अक्षरांच्या जोड्या, आठवड्याला एक: ओ-यू म्हणजे ‘ऊ’, सी-एच म्हणजे ‘श’, ओ-आय म्हणजे ‘वा’, ओ-एन म्हणजे ‘ओँ’, ए-यू आणि ई-ए-यू म्हणजे ‘ओ’. ए-एन, ई-एन आणि आय-एन त्यानंतर.
4. न वाजणारी अक्षरं राखाडी पेन्सिलने रंगवून घ्या. ‘शा’मधला शेवटचा टी, ‘ग्री’मधला एस. शेवटी सी, आर, एफ, एल असेल तर ते बरेचदा वाजतात (साक, न्वार, नफ, आव्रील), बाकीची व्यंजनं सहसा नाहीत. अपवाद भरपूर आहेत, म्हणून हे मुलांना नियम म्हणून नको. शिक्षकाने लक्षात ठेवावं.
5. शब्दांमधलं जोडून म्हणणं कमानीने दाखवा: ‘लेज़ाँफाँ’ (मुलं) मध्ये पहिल्या शब्दाचा एस पुढच्या स्वराला जोडून ‘ज़’ होतो.

> सावधान: इंग्रजीत तसेच लिहिले जाणारे शब्द (ताब्ल, ओराँज, आनीमाल, त्रँ) शेवटी ठेवा. ते सोपे वाटतात, पण इंग्रजी उच्चार तिथूनच घुसतो.

## टप्पा ६: लेखन

पहिल्या वर्षी नकलून लिहिणं पुरे. रीत: शब्द बघा, म्हणा, झाका, लिहा, उघडून ताडून बघा. आर्टिकल आणि पट्टीचा रंग वहीतही हवा. अक्षरांवरच्या खुणा शब्द लिहून झाल्यावर डोक्यावर घालायची सजावट नाही. ई लिहितानाच ती खूण द्यायला लावा, कारण तिने उच्चार बदलतो. श्रुतलेखन पाच शब्दांचं, पूर्ण वाक्याचं दुसऱ्या वर्षी.

पुस्तकांत काही शब्द दोन प्रकारे लिहिलेले दिसले तर गोंधळू नका. १९९० च्या शुद्धलेखन सुधारणांनंतर एकवीससारख्या आकड्यांत सगळीकडे जोडरेघ देणं आणि काही शब्दांत आय आणि यू या अक्षरांवरची टोपीसारखी खूण (^) गाळणं चालतं. जुनी रीतही चूक नाही. वर्गात एकच पद्धत धरा.

## ३० मिनिटांचा तास

अभिवादन, तारीख, हजेरी फ्रेंचमध्ये: ३ मिनिटं. जुन्या कार्डांची उजळणी, हालचालीसह: ५. एका आवाजाचा सराव: ४. नवं: ७. जोडीने किंवा गटात खेळ: ७. गाणं किंवा गोष्टीचा तुकडा: ३. निरोप: १. नव्या भागाला वेळ कमी पडला तर नवं कमी करा, उजळणी कापू नका.

## प्रगती कशी मोजावी

महिन्याला प्रत्येक मुलाशी दोन मिनिटं बोला आणि चार गोष्टी नोंदवा: आज्ञा समजते का, आर्टिकल लावतो किंवा लावते का, साचा स्वतःहून वापरतो का, समोरच्याला प्रश्न विचारतो का. शेवटची गोष्ट बहुतेक वर्गांत रिकामी राहते, कारण प्रश्न नेहमी शिक्षकच विचारतात.

बाहेरची परीक्षा हवी असेल तर साधारण ८ ते १२ वयाच्या मुलांसाठी ‘देल्फ प्रीम’ आहे. तिचे तीन स्तर, सोप्याकडून अवघडाकडे: ए१.१, ए१ आणि ए२. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं यांना प्रत्येकी २५ गुण; उत्तीर्ण व्हायला १०० पैकी ५० लागतात आणि कुठल्याही भागात ५ पेक्षा कमी चालत नाहीत. म्हणजे फक्त लेखी तयारी करून घेतलेलं मूल बोलण्यात अडकलं तर एकूण गुण चांगले असूनही राहतं. परीक्षेच्या तीनेक आठवडे आधी नमुना प्रश्नपत्रिकेचा आराखडा दाखवा, म्हणजे सूचना ओळखीच्या होतात. तोंडी भागासाठी मुलाला एखाद्या अपरिचित मोठ्या माणसाशी फ्रेंचमध्ये दोन-तीनदा बोलू द्या. नवा आवाज आणि नवा चेहरा यांनीच पुष्कळ मुलं गोंधळतात.